लंगोट केव्हा सुटावा? बाळाच्या शी-शूच्या सवयीचा अडीच हजार वर्षांचा इतिहास

१/ मूल लंगोटातून केव्हा बाहेर पडावे? १९३२ साली अमेरिकन सरकारच्या पुस्तिकेने उत्तर दिले : सहाव्या ते आठव्या महिन्यात. १९६२ साली बॉस्टनच्या एका बालरोगतज्ज्ञाने शेकडो मुलांच्या नोंदी तपासून सांगितले : सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांत. १९७७ साली पूर्व आफ्रिकेतून अहवाल आला : पाच-सहा महिन्यांत. पंचेचाळीस वर्षांत मानवी मूत्राशय बदललेले नाही. मग बदलले काय? आजचा धागा या प्रश्नाचा.

२/ विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु याच विषयावरून एका संपूर्ण राष्ट्राला युद्धखोर ठरवणारे सिद्धान्त मांडले गेले, लक्षावधी मातांना अपराधी वाटायला लावले गेले आणि एक प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. राजवाडे आणि रणांगणे यांच्याइतकाच घराच्या मोरीलाही इतिहास असतो. तो लिहिणारे थोडे, इतकेच.

३/ आरंभ अथेन्सपासून करू. तेथील प्राचीन अगोराच्या, म्हणजे नगरचौकाच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे एक चमत्कारिक भांडे मिळाले. काळ इ.स.पू. सहाव्या शतकाचा आरंभ. खाली उंच पोकळ बैठक, वर खोलगट वाटीसारखा भाग, पुढे पाय बाहेर काढण्यासाठी भोक आणि बुडाशी आणखी एक भोक. आज ते अगोराच्याच संग्रहालयात ठेवलेले आहे. हे होते बाळाचे शौचासन.

४/ हे ठरवले कशावरून? चित्रांवरून. ब्रसेल्सच्या संग्रहालयातील इ.स.पू. पाचव्या शतकातल्या एका ग्रीक प्याल्यावर अशाच उंच आसनात बसवलेले मूल आहे. पाय पुढून बाहेर आलेले, हात समोर बसलेल्या स्त्रीकडे पसरलेले. त्या काळच्या छोट्या सुरयांवरही आसनात बसून खुळखुळा हलवणारी बाळे रंगवलेली आढळतात. वस्तू आणि चित्र यांची अशी गाठ पडली की पुरातत्त्वाचे अर्धे काम होते.

५/ या चित्रांतून एक गोष्ट निश्चित समजते. मुलाला ठरावीक जागी बसवून, हाती खेळणे देऊन, वाट पाहण्याची रीत अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. मात्र ते मूल किती महिन्यांचे होते, त्याला रागावत की गोंजारत, हे भांडे सांगत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने साधनाकडून त्याच्या कुवतीपेक्षा अधिक वदवून घेऊ नये. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एका मोठ्या विद्वानाने हीच चूक कशी केली ते येणार आहे.

६/ आता भारताकडे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाच्या खोलीचे, म्हणजे कुमारागाराचे सविस्तर वर्णन आहे. बाळाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत; घामाने, मळाने, मलमूत्राने खराब झालेली वस्त्रे वापरू नयेत, असे तेथे सांगितले आहे. त्यापुढची सूचना अधिक बोलकी आहे. दुसरी वस्त्रे मिळण्याजोगी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धुरी देऊन, वाळवून पुन्हा वापरावीत.

७/ या एका सवलतीत दोन घरे दिसतात. एक, जेथे खराब झालेले वस्त्र टाकून देता येते. दुसरे, जेथे तेच धुऊन पुन्हा वापरावे लागते. शी-शूच्या इतिहासातला खरा प्रश्न येथेच उभा राहतो : कापड किती आहे, पाणी किती आहे आणि धुणारे हात कोणाचे आहेत? पुढच्या दोन हजार वर्षांत सिद्धान्त अनेक आले. त्यांच्या मागे हाच प्रश्न कायम होता.

८/ ज्या समाजांत कापड आणि पाणी दोन्ही दुर्मिळ होते, त्यांनी वेगळे मार्ग काढले. मध्य आशियातील उझबेक व ताजिक घरांत ‘बेशिक’ नावाचा लाकडी पाळणा असतो. त्याच्या तळाला भोक, खाली भांडे, आणि मूत्र थेट त्या भांड्यात नेणारी छोटी लाकडी नळी. मुलासाठी नळीचा आकार वेगळा, मुलीसाठी वेगळा. बाळ कोरडे राहते आणि पाण्याची बचत होते. चीनमध्ये मधोमध उघडी असलेली विजार, ‘काय-डांग-कू’, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मूल खाली बसले की ती आपोआप फाकते.

९/ महाराष्ट्रातली रीत सांगायला ग्रंथाची गरज नाही. आई किंवा आजी जमिनीवर बसते, दोन्ही पावले जुळवून त्यांवर बाळाला बसवते, त्याची पाठ आपल्या पोटरीला टेकवते आणि ‘शू… शू…’ असा आवाज काढते. उठल्यावर, दूध पाजल्यावर, झोपण्यापूर्वी हाच क्रम. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, तिकोनी लंगोट, सारवलेली जमीन. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळाच्या चेहऱ्याकडे सतत लक्ष असलेले कोणीतरी माणूस. ही एक पद्धतशीर शिकवणच होती. तिला कोणी नाव दिले नव्हते, इतकेच.

१०/ युरोपात या विषयाला ग्रंथात स्थान देणाऱ्यांपैकी एक म्हणजे तत्त्वज्ञ जॉन लॉक. तो स्वतः वैद्यकही शिकलेला होता. १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात त्याने बद्धकोष्ठावर मजकूर खर्ची घातला आहे. त्याचा सल्ला साधा : रोज न्याहारीनंतर मुलाला शौचास बसवावे, म्हणजे शरीराला तशी सवय लागते. मुलाचे मन कोऱ्या पाटीसारखे असते असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाने शरीरालाही सवयीने घडवता येते असे म्हणावे, हे सुसंगतच होते.

११/ विसाव्या शतकात हा विषय घरातून सरकारी कचेरीत गेला. १९१२ साली अमेरिकेत ‘चिल्ड्रन्स ब्यूरो’ स्थापन झाला. ज्यूलिया लेथ्रॉप या त्याच्या पहिल्या प्रमुख. अमेरिकन संघराज्याच्या अशा खात्याचे प्रमुखपद भूषवणारी ती पहिली स्त्री. त्या काळी तेथेही बालमृत्यूचे प्रमाण मोठे होते आणि अतिसार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. मातांना शास्त्रीय माहिती द्यावी, म्हणून १९१४ साली ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका निघाली. लेखिका होत्या मिसेस मॅक्स वेस्ट, स्वतः लेकुरवाळ्या.

१२/ या पहिल्या आवृत्तीत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शौचाची सवय लावायला आरंभ करता येईल असे सांगितले आहे. आज हे वय वाचून आपण दचकतो. परंतु त्याच जागी असेही बजावले आहे की हे काम अत्यंत मायेने करावे. रागावण्याने वा शिक्षेने मूल फक्त घाबरेल. म्हणजे वय लहान असले तरी सूर मृदू होता. लवकर शिकवणे आणि कठोरपणे शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या काळात विद्वानांनीच त्यांची गल्लत केली.

१३/ पुढच्या वीस वर्षांत सूर बदलला. १९३०च्या दशकातील आवृत्त्यांत पहिल्या महिन्याच्या अखेरीस आरंभ आणि सहाव्या ते आठव्या महिन्यात सांगता, असे वेळापत्रक आले. बाळाला रोज ठरलेल्या वेळीच बसवावे, त्यात पाच मिनिटांचाही फरक पडू नये, असा आग्रह आला. वेळेवर शी व्हावी म्हणून साबणाची बारीक कांडी गुदद्वारात ठेवण्याचा उपायही त्या काळी सर्रास सांगितला जाई. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली स्थापन झालेल्या प्लंकेट सोसायटीचे प्रणेते ट्रुबी किंग यांचाही भर दूध, झोप आणि शौच या तिन्ही गोष्टी घड्याळानुसार करण्यावर होता.

१४/ हे घड्याळ बाळाच्या खोलीत आले कोठून? १९११ साली फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ निघाला होता आणि कारखान्यातील प्रत्येक हालचाल सेकंदात मोजली जात होती. रुग्णालये वेळापत्रकावर चालू लागली होती. नियमितपणा हा त्या युगाचा सद्‌गुण झाला होता. आणि मोरीतला प्रश्न होताच : डझनावारी कापडी लंगोट रोज उकळून, घासून, पिळून वाळत घालणाऱ्या बाईला आठव्या महिन्यात सुटका मिळेल, हे वचन लहान नव्हते.

१५/ मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली यावर कळस चढवला. वर्तनवादाचे हे प्रवर्तक. सवयी घडवल्या की माणूस घडतो, हा त्यांचा सिद्धान्त. आठव्या महिन्यापासून मुलाला पट्ट्याने सुरक्षित बांधता येईल अशा खास आसनावर बसवावे, खेळणे देऊ नये, दार लोटून त्याला एकटे सोडावे, असा त्यांचा सल्ला होता. अथेन्सच्या सुरईवरचे ते मूल आठवा. त्याच्या हातात निदान खुळखुळा तरी होता.

१६/ दुसऱ्या टोकाला व्हिएन्नाचे सिग्मुंड फ्रॉइड होते. १९०८ सालच्या एका छोट्या निबंधात त्यांनी टापटीप, काटकसर आणि हट्टीपणा हे तीन स्वभावविशेष बालपणीच्या मलविसर्जनाच्या अनुभवाशी जोडले. वॉटसन आणि फ्रॉइड यांचे एकमत होण्यासारखे फारसे काही नव्हते. तरी परिणाम एकच झाला. एक म्हणे, सवय लावली नाहीत तर मूल बिघडेल; दुसऱ्याचे अनुयायी म्हणत, कडक सवय लावलीत तर मूल बिघडेल. कोणत्याही बाजूने दोष आईकडेच जाई.

१७/ आता या इतिहासातले सर्वांत गंभीर प्रकरण. १९४१ साली पर्ल हार्बरवर हल्ला झाला. ‘जपानी माणूस असा का वागतो?’ या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला तातडीने हवे होते. इंग्रज मानवशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यांनी ते दिले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मांडले की जपानी बाळांना शौचाची शिस्त फार लवकर व फार कठोरपणे लावली जाते. त्यातून दडपलेला राग साचतो. घरात शिष्टाचार आणि रणांगणावर क्रौर्य, हा विरोधाभास त्यातून जन्मतो.

१८/ गोरर यांनी जपान पाहिलेला नव्हता. युद्धामुळे तेथे जाणे शक्यही नव्हते. पुस्तके, चित्रपट आणि अमेरिकेत भेटलेल्या माणसांच्या मुलाखती, एवढीच साधने. रूथ बेनेडिक्ट यांनीही दुरूनच अभ्यास करून १९४६ साली जपानवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात जपानी आई बाळाला दाराबाहेर हातांवर धरते आणि हलक्या, एकसुरी शिळेचा आवाज काढत थांबते, असे वर्णन आहे. मराठी वाचकाला यात क्रौर्य दिसणार नाही. त्याला आजीचे ‘शू… शू…’ ऐकू येईल.

१९/ युद्ध संपले. संशोधकांनी जपानी कुटुंबांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली, मातांशी बोलणी केली. सवय लावायला आरंभ लवकर होई, हे खरे निघाले. पण ज्या कठोरपणावर सारी इमारत उभी होती, तो आढळला नाही. लवकर म्हणजे कठोर, हे समीकरणच चुकीचे होते. गोरर मात्र थांबले नाहीत. १९४९ साली रशियन माणसाचा स्वभाव त्यांनी बाळाला घट्ट बाळोत्यात गुंडाळण्याच्या प्रथेशी जोडून दाखवला. टीकाकारांनी या साऱ्या विद्याशाखेला उपहासाने ‘डायपरॉलॉजी’ म्हटले.

२०/ हे प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. युद्धकाळात शत्रूचे असे चित्र रंगवणे म्हणजे त्याच्याशी कसे वागावे हेही सुचवणे असते. एका समाजाच्या मातांनी आपली मुले सदोष घडवली, असा निवाडा त्या मातांना न भेटता दिला गेला. साधने अपुरी असताना उत्तर देण्याची घाई झाली की काय होते, याचे हे उदाहरण प्रत्येक इतिहासप्रेमीने संग्रही ठेवावे. ‘अमुक जातीचे लोक असे, कारण त्यांचे संस्कार तसे’ अशी वाक्ये आपल्याकडेही कानावर येतात. त्या वेळी गोररना आठवा.

२१/ याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅग्रॉ या संशोधिका शांतपणे जुळ्या मुलांचे निरीक्षण करत होत्या. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अगदी लहानपणापासून दर तासाला भांड्यावर बसवायचे. दुसऱ्याला बराच काळ मोकळे ठेवायचे. १९४० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मूत्राशयावरचे नियंत्रण मज्जासंस्था परिपक्व झाल्यावरच आले आणि उशिरा शिकवलेल्या भावाने पाहता पाहता पहिल्याला गाठले. महिनोन्‌महिने केलेल्या आटापिट्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही.

२२/ या हवेत १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक आले. त्याच्या पुढे पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यांचा सूर आश्वासक होता : घाई नको, झगडा नको, मुलाच्या कलाने घ्या. १९६२ साली बॉस्टनचे डॉ. टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी याला आकडेवारीची जोड दिली. दहा वर्षांत पाहिलेल्या १,१७० मुलांच्या नोंदींवरून त्यांनी ‘मुलाची तयारी’ ही कल्पना मांडली. मूल स्वतः चालत जाऊन बसेल, विजार उतरवेल, सूचना समजेल, तेव्हाच शिकवावे. दिवसाचे नियंत्रण सरासरी २८.५ महिन्यांत, रात्रीसह पूर्ण नियंत्रण ३३.३ महिन्यांत आले.

२३/ येथे एक प्रचलित समज तपासू. ‘डायपर कंपन्यांनी मुलांना उशिरापर्यंत लंगोटात ठेवले’ असे म्हटले जाते. क्रम पाहा. ब्रॅझल्टन यांच्या नोंदी १९५१ ते १९६१ या काळातल्या. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे रसायनतज्ज्ञ व्हिक्टर मिल्स यांच्या पुढाकाराने घडलेला ‘पॅम्पर्स’ हा फेकून देण्याजोगा डायपर बाजारात आला १९६१ साली. म्हणजे ती मुले कापडी लंगोटांतच वाढली होती. त्याआधी मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचे पाणीरोधक आवरण तयार केले होते. १९५१ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. विचार आधी बदलला, वस्तू नंतर आली.

२४/ मात्र वस्तू आल्यावर तिने त्या विचाराला बळ दिले, हेही खरे. लंगोट धुण्याचे कष्टच उरले नाहीत तर घाई कोणाला? १९९०च्या दशकाच्या अखेरीस पॅम्पर्सने मोठ्या वयाच्या मुलांसाठी सहाव्या मापाचा डायपर काढला आणि त्याच्या जाहिरातीत स्वतः ब्रॅझल्टन झळकले. स्तंभलेखक जॉन रोझमंड यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. १९९९ साली हा वाद वृत्तपत्रांच्या पहिल्या पानापर्यंत गेला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसभर कोरडे राहण्याचे मध्यक वय मुलींत ३२.५ आणि मुलग्यांत ३५ महिने आढळले.

२५/ दरम्यान एक उलट वाटही निघाली होती. नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स हे दोघे इलिनॉय राज्यातील एका संस्थेत गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबत काम करत. ‘यांना शिकवणे शक्यच नाही’ असे म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे ओल्या, मळक्या कपड्यांत ठेवले गेले होते, अशी ती माणसे. दोघांनी १९७१ साली दाखवून दिले की योग्य पद्धतीने त्यांनाही शिकवता येते. मग हीच पद्धत त्यांनी लहान मुलांवर वापरली : ३४ मुले, सरासरी ३.९ तास. १९७४ सालचे त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. पण या पद्धतीचे मोल मला त्या प्रौढांच्या संदर्भात अधिक वाटते. त्यांना परत मिळाली ती प्रतिष्ठा होती.

२६/ आता १९७७ सालचा तो आफ्रिकन अहवाल. डीव्रीज दांपत्याने केनियातील डिगो समाजाचा अभ्यास केला. डिगो आई पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला पुढ्यात धरते, विशिष्ट ‘शुस्’ आवाज काढते, काम झाले की दूध पाजते वा कुरवाळते. पाच-सहा महिन्यांत बाळ बहुतेक दिवस-रात्र कोरडे राहते. शिक्षा नाही, रडारड नाही. पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि सह्याद्रीचा पायथा यांमध्ये समुद्र आहे. आवाज मात्र जवळजवळ एकच.

२७/ मग मॅग्रॉ चुकल्या की डिगो आई? कोणीच नाही. ‘शिकले’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. डिगो बाळ कोरडे राहते, कारण आई त्याची चुळबूळ ओळखते आणि बाळ तिच्या खुणेला प्रतिसाद देते. हे दोघांचे मिळून कौशल्य आहे. ब्रॅझल्टन मोजत होते ते मूल एकट्याने जाते की नाही. हे एकट्याचे कौशल्य. पहिले सहा महिन्यांत येऊ शकते, दुसरे येत नाही. आरंभीच्या त्या तीन आकड्यांतला विरोध येथे बराचसा सुटतो.

२८/ उरलेला भाग श्रमाचा आहे. दोघांचे कौशल्य साधायचे तर दिवसभर बाळाजवळ कोणीतरी हवे. आपल्याकडे आजी होती, काकू होती. अनेकदा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण होती. तिच्या कडेवर भाऊ असायचा आणि तिची शाळा बुडायची. ‘पूर्वी आमची मुले वर्षाच्या आत लंगोट सोडत’ असे घरात अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु त्या यशाच्या हिशेबात त्या बहिणीचे तास मांडलेले नसतात.

२९/ आज पुण्या-मुंबईच्या सदनिकेत पाच महिन्यांची रजा संपवून कामावर रुजू होणारी आई, घरी अंगण नसलेले, सारवलेली जमीन नसलेली, पाळणाघर मुलाला डायपर घालूनच पाठवा म्हणणारे. तिची तुलना आजीशी करणे म्हणजे दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांची तुलना करणे होय. तिचे मूल अडीच वर्षांचे होऊनही डायपरमध्ये असेल, तर त्याचे कारण तिच्या आळसात शोधू नये. आणि आजीची रीत कालबाह्य म्हणून हसण्यावारीही नेऊ नये. ती तिच्या परिस्थितीला पुरेपूर जुळणारी होती.

३०/ अभ्यासकांसाठी तीन सूत्रे. एक : सल्ल्याचे पुस्तक हा सल्ल्याचा पुरावा असतो, आचरणाचा नव्हे. १९३२च्या पुस्तिकेत आठ महिने लिहिले म्हणून सर्व अमेरिकन बाळे आठ महिन्यांत शिकली, असे सिद्ध होत नाही. मार्था वोल्फेन्स्टाइन यांनी १९५३ साली ‘इन्फंट केअर’च्या आवृत्त्या शेजारी ठेवून तपासल्या आणि दर दशकात शास्त्राच्या नावाखाली सल्ला कसा पालटला ते दाखवले. असे वाचन कोणत्याही पाठ्यपुस्तकाचे, पाककृतींच्या पुस्तकाचे, अगदी पंचांगाचेही करता येते.

३१/ दोन : आकडा पाहिला की विचारा, नेमके मोजले काय? तीन : कोणत्याही घरगुती प्रथेचा इतिहास शोधताना तिचे श्रम कोणी केले हे शोधा. अमेरिकन मातांनी चिल्ड्रन्स ब्यूरोला लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत; मॉली लॅड-टेलर यांनी ती संपादित केली. त्या पत्रांत थकलेली, घाबरलेली, प्रश्न विचारणारी माणसे भेटतात. सरकारी पुस्तिकेत ती भेटत नाहीत.

३२/ मराठीत अशी साधने अजून विखुरलेली आहेत. बाळंतविडा, बाळंतिणीची खोली, दुपटी, पायांवरची अंघोळ, शी-शूची सवय हे सारे ज्यांच्या हातांनी केले, त्यांतल्या पुष्कळ बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. या सुट्टीत गावी गेलात तर आजीला विचारा : लंगोट किती असायचे, पाणी कोठून यायचे, धुणे कोण करायचे, बाळ कोणाकडे असायचे? उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख आणि गावाचे नाव घाला. अगोरातले भांडे सापडायला अडीच हजार वर्षे थांबावे लागले. ही साधने तितकी वाट पाहणार नाहीत.

धागा समाप्त. आपल्या घरची रीत खाली अवश्य लिहा.